रविवारची सायकलफेरी

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पुणे शहर अद्याप पुरते जागे झालेले नसते. दूधवाल्यांची आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांची लगबग तेवढी सुरू झालेली असते. अशा वेळी स्वारगेटच्या आसपास एखाद्या चौकात, दिव्याच्या खांबाखाली, एकेक करून सायकलस्वार जमू लागतात. त्यांत बँकेत काम करणारे गृहस्थ असतात, शाळेतील शिक्षिका असतात, महाविद्यालयातील तरुण असतात, सेवानिवृत्त झालेले एखादे आजोबा असतात आणि वडिलांबरोबर प्रथमच लांबच्या फेरीला निघालेला बारा-तेरा वर्षांचा मुलगाही असतो. कोणाची सायकल नवीन, गिअरची असते, तर कोणाची जुनी, काळी, घरातल्या तीन माणसांनी आळीपाळीने वापरलेली असते. या मंडळींना कोणतीही शर्यत जिंकावयाची नसते, की कोणत्या कामावर वेळेत पोचावयाचे नसते. केवळ आनंदासाठी ती घराबाहेर पडलेली असतात.

सायकल ही पुण्याला नवी नाही. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणूनच ओळखले जात असे. कारकून, कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, सारेच सायकलवर दिसत. ज्यांच्याजवळ स्वतःची सायकल नसे, ते दुकानातून तासाच्या भाड्याने ती घेत. पुढे स्वयंचलित वाहने वाढली, रस्ते गजबजले आणि रोजच्या कामासाठी सायकल वापरणाऱ्यांची संख्या रोडावली. परंतु सायकलीची ओढ मात्र संपली नाही. रविवारच्या या फेऱ्या म्हणजे त्या जुन्या नात्याचीच एक खूण होय.

ज्या यंत्रावर ही मंडळी स्वार होतात, त्याची घडणही मोठी मनोरंजक आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राईस याने दोन चाकांचे एक लाकडी वाहन तयार केले. त्याला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे. कालांतराने पुढच्या चाकाला पायडल आले आणि वेग वाढावा म्हणून ते चाक माणसाच्या छातीइतके उंच होत गेले. त्यावरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणेच असे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागचे चाक फिरविणारी साखळी असलेली सायकल बनविली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे एकस्व मिळविले. आजची सायकल याच दोन कल्पनांवर उभी आहे. माणूस चालत तासाला सुमारे ५ किलोमीटर जातो. सपाट रस्त्यावर तितक्याच श्रमात सायकलवर तो त्याच्या सुमारे तिप्पट अंतर तोडतो.

निघण्यापूर्वी प्रत्येकजण आपली सायकल तपासून पाहतो. टायर अंगठ्याने दाबून हवा पुरेशी आहे की नाही हे पाहतात. हवा कमी असली, तर टायर रस्त्यावर पसरतो आणि पायांना अधिक जोर लावावा लागतो. दोन्ही ब्रेक दाबून पाहतात. साखळीला तेल आहे ना, चाक डुलत तर नाही ना, इकडे लक्ष देतात. पाण्याची बाटली, हवा भरण्याचा लहान पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य जवळ असतेच. डोक्यावर शिरस्त्राण चढविले जाते. मग आजोबा नव्याने आलेल्या मुलाला जथ्याचा पहिला नियम सांगतात, “बाळ, आपल्यात जो सर्वांत हळू जातो, त्याच्या वेगाने सारे जातात. कोणालाही मागे टाकून पुढे जावयाचे नाही.” मुलगा मान डोलावतो, परंतु या नियमाचे मोल त्याला त्या वेळी पुरते उमगलेले नसते.

जथा सिंहगड रस्त्याला लागतो. सारे रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक असे चालतात. सर्वांत पुढे असणाऱ्याला रस्ता दिसतो. मागच्यांना मात्र पुढच्याची पाठ तेवढी दिसते. म्हणून पुढचा मनुष्य खड्डा दिसताच हाताने त्याच्याकडे बोट दाखवितो, थांबावयाचे असल्यास हात वर करतो. ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे अशी शेवटच्या स्वारापर्यंत पोचते. एकाने जरी ती देण्यात कुचराई केली, तरी मागचा मनुष्य खड्ड्यात जाण्याचा संभव असतो. मोठी मालमोटार शेजारून वेगाने गेली, की तिच्या वाऱ्याने सायकल हेलकावे खाते. अशा वेळी घाबरून हँडल झटक्याने वळवू नये, सरळ चालावे, हे अनुभवी स्वारांना ठाऊक असते.

एकामागे एक चालण्यात आणखीही एक लाभ आहे. सायकलस्वाराचा मोठा विरोधक म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. पुढचा स्वार हवा कापीत जातो, त्यामुळे त्याच्या अगदी मागे असणाऱ्याला आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतात. म्हणून पुढे राहण्याचे काम सर्वजण पाळीपाळीने करतात. पावसाळ्यात तर याची प्रचीती विशेष येते. त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून वाहतो आणि खडकवासला पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे. जाताना वारा तोंडावर येतो आणि पायडल जड वाटू लागते. परतताना तोच वारा पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतो. जाताना ज्याला वाऱ्याचा राग आला, तोच येताना त्याचे आभार मानतो!

एखाद्या फेरीत मध्येच ‘फुस्स’ असा आवाज येतो. बाभळीचा काटा टायरमधून आत ट्यूबपर्यंत गेलेला असतो. त्याबरोबर हाताची खूण मागेपुढे जाते आणि सारा जथा थांबतो. चाक उतरवितात, टायर एका बाजूने उकलून ट्यूब बाहेर काढतात व तिच्यात थोडी हवा भरतात. जवळच्या चहाच्या टपरीवरून घमेलेभर पाणी मागून आणतात आणि ट्यूब त्यात थोडीथोडी बुडवीत फिरवितात. जेथून बुडबुडे येतात, तेथेच छिद्र असते. तो भाग पुसून कोरडा करतात, पॉलिश पेपरने घासून खरखरीत करतात, त्यावर सोल्युशन लावतात आणि ते किंचित वाळल्यावर रबराचे ठिगळ दाबून बसवितात. ट्यूब परत बसविण्यापूर्वी टायरच्या आतील बाजूवरून बोट हळूच फिरवून काटा शोधून काढतात. तो तसाच राहिला, तर पुन्हा पंक्चर झालेच म्हणून समजावे. या सर्व गोष्टीस पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोपर्यंत टपरीवर चहा होतो, ओळखी वाढतात आणि ज्याची सायकल बिघडली, त्याला आपण इतरांचा खोळंबा केला असे वाटू दिले जात नाही.

उजाडता उजाडता खडकवासल्याचे धरण दृष्टीस पडते. मुठा नदीवरील हे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झाले. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या बाजूचे पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यात महापूर आला. पुढे हे धरण दुरुस्त करण्यात आले. आज त्याच्या शांत पाण्यावर सकाळचे कोवळे ऊन पसरलेले पाहिले, की त्या दिवसाच्या हाहाकाराची कल्पनाही येत नाही. येथे काही मंडळी विसावा घेऊन माघारी वळतात. काहीजण मात्र डोणज्याच्या बाजूने गोळेवाडीकडे निघतात. समोर सिंहगड उभा असतो. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी ज्यासाठी प्राण वेचले, तो हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे.

पायथ्यापासून घाटाचा रस्ता वळणे घेत वर चढतो. येथे सायकलीच्या गिअरचे मर्म कळते. पायडलाजवळच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चाकाच्या चक्राला १८ दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच फेरे घेते आणि सायकल पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे असते. परंतु चढावर पाय पुढे रेटत नाहीत. तेथे दोन्ही चक्रांना सारखे, म्हणजे २८ आणि २८ दाते असावेत अशी जुळणी केली, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटरच जाते, पण पायांना जोर पुष्कळ कमी लागतो. गिअर श्रम नाहीसे करीत नाही. ते थोडेथोडे वाटून देतो.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर लहान मुलाला धाप लागते. पाय भरून येतात. शेवटी तो खाली उतरतो आणि मान खाली घालून सायकल हाताने ढकलू लागतो. सारे पुढे निघून जातील, आपल्याला हसतील, असे त्याला वाटते. इतक्यात आजोबाही आपल्या सायकलवरून उतरतात व त्याच्या शेजारून चालू लागतात. “आजोबा, तुम्ही जा ना पुढे. मी येईन हळूहळू,” मुलगा ओशाळून म्हणतो. आजोबा हसून उत्तरतात, “अरे, चालत गेले तरी गड तोच आणि वाटही तीच. दम खा, दोन घोट पाणी पी, मग पुन्हा बसू.” वरच्या वळणावर बाकीची मंडळी झाडाखाली थांबलेली असतात. पहाटे ऐकलेल्या नियमाचा अर्थ मुलाला आता कळतो. गडावर पोचल्यावर पिठले-भाकरी आणि मटक्यातले दही खाताना तर साऱ्या श्रमांचे सार्थक होते.

परंतु खरी परीक्षा चढताना नव्हे, तर उतरताना असते. चढावर शरीराचा कस लागतो, उतारावर मनाचा. पाय न हलविता सायकल वाऱ्यासारखी धावू लागते आणि तिला तशीच सोडून द्यावी, असा मोह पडतो. वेग २० किलोमीटरांवरून ४० किलोमीटरांवर गेला, की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. पावसाने चाकाची कड ओली झाली असेल, तर तिच्यावर दाबणारे ब्रेकचे रबर घसरते आणि ते अंतर आणखीच वाढते. पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो. परंतु तोच एकटा एकदम दाबला, तर स्वार हँडलावरून पुढे फेकला जाण्याची भीती असते. म्हणून वळण येण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक बेताने दाबून वेग आवरावा लागतो.

मुलाच्या अंगात आता उत्साह संचारलेला असतो. तो पुढे जाण्यासाठी हँडल वळवू पाहतो, तोच मागून आजोबांचा आवाज येतो, “वळणापलीकडचे दिसत नाही. ब्रेक धर!” थोडे नाखुशीनेच तो वेग कमी करतो. वळण घेताच समोर पाहतो, तो रस्त्यात गुरे उभी! त्यांच्या मागे एक वृद्ध गुराखी त्यांना हाकीत असतो. मुलाची सायकल गुरांपासून चार हात दूर थांबते. कोणी काही बोलत नाही, आणि बोलण्याची आवश्यकताही नसते. त्या चार हातांच्या अंतरात किती गोष्टी सामावलेल्या आहेत, हे त्याचे त्यालाच समजलेले असते.

उन्हे चढेपर्यंत जथा शहरात परततो. रस्ते आता वाहनांनी भरलेले असतात. चौकाचौकांत एकेकजण निरोप घेतो. घरी गेल्यावर मुलगा प्रथम सायकलचा चिखल पुसतो, साखळीला तेल घालतो आणि मगच हातपाय धुतो. रोज शाळेच्या वाटेवर ज्या यंत्राकडे त्याचे लक्षही गेले नव्हते, ते आज त्याला सोबत्यासारखे वाटू लागते.

सायकलीचा एक गुणधर्म ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उभी केलेली सायकल आधारावाचून कलंडते. चालती सायकल तोल सांभाळते. ती ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला तिचे पुढचे चाक किंचित वळते आणि तोल पुन्हा साधला जातो. म्हणजे क्षणोक्षणी चुकत आणि ती चूक क्षणोक्षणी सुधारीतच ती पुढे जात असते. रविवारच्या फेरीला निघणारी माणसेही याहून निराळे काय करतात? कोणी थकतो, कोणाचे चाक बसते, कोणी उतावीळ होतो. आणि इतरांच्या सोबतीने प्रत्येकजण आपला तोल सावरून घरी पोचतो.

स्वाध्याय

१. जथ्याचा पहिला नियम कोणता? मुलाला त्याचा अर्थ केव्हा व कसा कळला?
२. एकामागे एक चालल्याने सायकलस्वारांना कोणते दोन लाभ होतात?
३. कारणे द्या : (अ) पावसाळ्यात खडकवासल्याकडे जाताना अधिक श्रम पडतात. (आ) पुढचा ब्रेक एकटा एकदम दाबू नये.
४. ‘चढावर शरीराचा कस लागतो, उतारावर मनाचा.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : कुचराई करणे, प्रचीती येणे, सार्थक होणे, तोल सावरणे.
६. तुमच्या गावाजवळील एखाद्या ठिकाणी सायकलने किंवा पायी केलेल्या फेरीचे वर्णन दहा-बारा ओळींत लिहा.