मंगळवारचा वर्ग

मॉरी श्वार्ट्झ हे अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. नाचाची भारी हौस. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर त्यांचे पाऊल अडखळू लागले. वय झाले, असे सगळ्यांना वाटले. पण ऑगस्ट १९९४ मध्ये निदान झाले, अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजेच एएलएस.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हात-पाय लुळे पडतात, मग गिळणे, बोलणे आणि शेवटी श्वास घेणे अवघड होते. स्पर्श मात्र कळतो, दिसते, ऐकू येते आणि बऱ्याच रुग्णांची बुद्धीही शाबूत राहते. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यावर दोन ते पाच वर्षे जगतात. स्टीफन हॉकिंग हा विरळा अपवाद.

मॉरींचे जुने विद्यार्थी मिच आल्बम डेट्रॉइटमध्ये क्रीडा पत्रकार होते. १९७९ मध्ये पदवी घेताना त्यांनी सरांना ‘संपर्कात राहीन’ असा शब्द दिला होता. कामाच्या रगाड्यात सोळा वर्षे गेली. १९९५ मध्ये टीव्हीवर आजारी सरांची मुलाखत दिसली आणि ते भेटायला धावले. मग दर मंगळवारी विमानाने येऊ लागले. त्या भेटींवरचे ‘ट्यूजडेज विथ मॉरी’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले. त्यासाठी आगाऊ मिळालेल्या पैशांतून सरांच्या उपचारांची बिले भागली.

मॉरींनी रडणे टाळले नाही. सकाळी हवे तेवढे रडून घ्यायचे आणि उरलेला दिवस माणसांना द्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत झालेली कौतुकाची भाषणे ऐकून त्यांना हळहळ वाटली, कारण ज्याच्यासाठी ती होती, त्याला ती ऐकूच आली नाहीत. म्हणून त्यांनी जिवंतपणीच आप्तेष्टांना घरी बोलावून आपला निरोप समारंभ करून घेतला.

सर्वांत अवघड धडा परावलंबनाचा. शौचाची स्वच्छताही दुसऱ्याने करायची, याची त्यांना सुरुवातीला लाज वाटली. पुढे त्यांनी लहान मूल जशी सेवा करून घेते, तशी ती मोकळेपणी स्वीकारली. अनेक रुग्ण नेमके इथेच खचतात.

शेवटी आल्बम फिजिओथेरपिस्टकडून शिकून सरांच्या पाठीवर थापट्या मारत, म्हणजे छातीतला कफ सुटावा. त्यांचे पायही चोळून देत. पाय हलत नव्हते, पण त्यांना स्पर्श कळत होता.

४ नोव्हेंबर १९९५ रोजी मॉरी गेले. आजाराची गती थोडी कमी करणारे रिल्युझोल हे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले ते त्यानंतरच्या महिन्यात. हा आजार आजही बरा होत नाही. पण करण्यासारखे बरेच असते. गिळताना ठसका लागत असेल तर आहार बदलता येतो, गरज पडल्यास पोटात नळी बसवता येते. रात्री श्वासाला यंत्राची मदत देता येते. श्वासनलिकेत नळी घालायची की नाही, शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात, हे रुग्णाला वाचा असतानाच विचारून ठेवावे. ‘आता काही उपयोग नाही’ असे त्याच्यासमोर बोलू नये, कारण त्याला सगळे कळत असते.

आपलेही कोणी सर, कोणी बाई अंथरुणाला खिळल्या असतील, तर औषधांची चौकशी फोनवर करून थांबू नये. जाऊन तासभर जवळ बसावे, हात हातात घ्यावा आणि त्यांचे ऐकावे.