शेडवरचा कॉम्प्रेसर बदलताय? आधी घड्याळ लावा

राहुरी, नेवासा, कोपरगाव भागात ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. टायरमध्ये हवा भरायची, रेडिएटरमधला भुसा उडवायचा, फाळक्यांना रंग मारायचा. नेमका त्याच वेळी शेडमधला जुना कॉम्प्रेसर मान टाकतो.

आमच्या घरी असंच झालं. १ एचपीचा कॉम्प्रेसर बसला, तेव्हा धाकटा भाऊ दुकानातून मोठी टाकी बघून दुसरा घेऊन आला. टाकी दीडपट, पण वरचं हेड तेवढंच. एक फाळका रंगवून होत नाही तोच दाब उतरायचा आणि मग टाकी भरेपर्यंत बसून राहायचं. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. दुकानात पैसे मोजताना हे आपण विसरतो.

म्हणून आधी काम ठरवा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब थोडाच, पण हवा भरपूर लागते. ट्रॉलीच्या टायरला दाब जास्त लागतो. नुसतं हवा भरणं आणि फुंकणं असेल तर १ एचपी पुरतो. रंगाच्या मोठ्या गनला मिनिटाला ८-१० घनफूट, म्हणजे ८-१० सीएफएम हवाही लागू शकते. तिथे १ एचपीचं काम नाही. साधारण १ एचपीला ३ ते ४ सीएफएम हवा धरावी. पाटीवर ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’चा आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे ‘फ्री एअर डिलिव्हरी’, त्याहून कमी असते. विचारायची ती हीच.

दुकानदार सांगेल त्यावर जायचं कारण नाही. रिकामी टाकी, कॉक बंद, मशीन सुरू, आणि घड्याळ बघा. १०० लिटरची टाकी ७ किलो दाबाला यायला ५ मिनिटं लागली, तर १०० गुणिले ७ भागिले ५, म्हणजे मिनिटाला १४० लिटर. २८ लिटरचा एक घनफूट. म्हणजे खरी हवा ५ सीएफएम. घरचा जुना कॉम्प्रेसरही असाच तपासा. कधीकधी पट्टा ढिला असतो, व्हॉल्व्हच्या पट्ट्या किंवा रिंगा गेलेल्या असतात, आणि थोडक्या खर्चात काम भागतं.

विजेचं तर आपल्याला ठाऊकच आहे. शेतीच्या फिडरवर थ्री फेज पाळीने आणि ठराविक तासच येते, म्हणून शेडसाठी सिंगल फेजची मोटर सोयीची. पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ती नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. वायर जाड घ्या. मोटर थांबल्यावर फुस्स करून हेडकडच्या नळीतली हवा सुटते की नाही, तेही बघा. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटर भार घेऊनच उठते.

काहींच्या घरी बोअरवरचा जुना दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर पडून आहे. सबमर्सिबल आल्यावर त्याला कोणी विचारत नाही. हेड चांगलं असेल तर जाणत्या फिटरकडून टाकी, प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून ते वापरता येतं. मात्र थ्री फेजची मोटर असेल तर पाळीची वाट बघावी लागेल.

तडजोड नको ती टाकीत. हवेतला ओलावा तळाला साचतो आणि पत्रा आतून सडतो. वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. खालचा कॉक रोज सोडून पाणी काढलं नसेल, तर सेकंडहँड टाकी घेऊच नका. सुईएवढं भोक दिसलं तरी वेल्डिंग मारू नका. शेजारचा पत्राही तेवढाच सडलेला असतो, आणि ७ किलो दाबाची टाकी फुटली तर शेडमधला माणूस वाचेलच असं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघा.

आमची जुनी टाकी आम्ही भंगारात दिली, पण आधी सगळी हवा सोडून ड्रिलने चार भोकं पाडली. नाहीतर रंग मारून ती पुन्हा कुणाच्या तरी शेडमध्ये गेली असती.