सवलतीवर सवलत

रेल्वे असो, आगबोट असो किंवा विमान असो, प्रवासाच्या जाहिरातीत सवलतीचा आकडा ठळक अक्षरांत असतो आणि तिच्या अटी बारीक अक्षरांत असतात. या अटींपैकी एक बहुधा सर्वत्र आढळते: ‘ही सवलत अन्य कोणत्याही सवलतीबरोबर जोडता येणार नाही.’ सामान्य प्रवासी ती वाचून हात आखडता घेतो. एकच काय ती सवलत मिळणार, दुसरीची आशा धरू नये, असा अर्थ तो लावतो. हा अर्थ पुष्कळदा अर्धाच खरा असतो. कोणती सवलत कोणत्या जातीची, हे ध्यानात आले म्हणजे काही सवलती एकीवर एक सुखाने बसतात, आणि काही मात्र कितीही आर्जव केले तरी बसत नाहीत, असे दिसून येईल.

हा विषय जबलपूरच्या संदर्भात मांडावासा वाटतो, त्याला कारण आहे. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची लोहमार्गाची रेघ आणि कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे येणारी ईस्ट इंडियन कंपनीची रेघ या दोन रेघा याच गावी एकमेकींस मिळाल्या. 7 मार्च 1870 रोजी लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत त्याचा समारंभ झाला, आणि मुंबई ते कलकत्ता हा प्रवास सलग आगगाडीने करता येऊ लागला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कादंबरी 1873 साली पुस्तकरूपाने निघाली. त्यातील दिवसांचा सारा हिशेब हिंदुस्थान आडवा ओलांडणाऱ्या या नव्या लोहमार्गाच्या भरवशावर आहे. निघाल्या जागीच परत यावयाचे, अशा प्रवासाची कल्पना अशा रीतीने या मार्गाशी पहिल्यापासून निगडित आहे म्हणावयास हरकत नाही.

जबलपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे रेल्वे आली, 1904 साली तोफगाड्यांचा कारखाना आला, सरकारी कचेऱ्या वाढल्या, आणि नोकरीनिमित्त आलेली माणसे येथेच राहिली. आज अशा घरातील एखादे निवृत्त दांपत्य डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा पुण्यास, मुलगी हैदराबादेस, बहीण नाशकास, आणि नागपुरास तर निम्मे गोत. सर्वांना भेटून यावे ही इच्छा दरवर्षी होते, आणि प्रत्येक ठिकाणच्या जाण्यायेण्याच्या भाड्याची बेरीज पाहून ती दरवर्षी पुढे ढकलली जाते. पुढे ढकलण्याजोगी वर्षे हाताशी फारशी नसतात, ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही.

अशा दांपत्याला मिळू शकणाऱ्या सवलतींत पहिली जात दराच्या अंगचीच असते. रेल्वेचे भाडे अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पहिल्या काही किलोमीटरांस जो दर, त्याहून पुढच्यांस कमी, त्याहून पुढच्यांस आणखी कमी. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या जशा एकीत एक बसतात व प्रत्येक पुढची नळी मागचीपेक्षा बारीक असते, तशी ही रचना असल्यामुळे तिला टेलिस्कोपिक दर म्हणतात. यात कोणावर उपकार नाही. तिकीट देणे, डबा धुऊन फलाटावर लावणे, स्टेशनावरची व्यवस्था ठेवणे, हा खर्च प्रवासी शंभर किलोमीटर जावो की हजार, जवळजवळ तेवढाच येतो; प्रवास लांबला की तो अधिक अंतरावर वाटला जातो. म्हणून ही सवलत मागावी लागत नाही, पण तिकिटाचे तुकडे केले की ती निमूटपणे निसटून जाते. पाच ठिकाणी उतरणारा माणूस सहा वेगळी तिकिटे काढतो, तेव्हा प्रत्येक वेळी तो दराच्या सर्वांत जाड नळीपासून पुन्हा आरंभ करीत असतो.

या नुकसानीवर रेल्वेनेच एक उपाय ठेविलेला आहे. त्यास सर्क्युलर तिकीट, म्हणजे वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट म्हणतात. ज्या स्टेशनावरून निघावयाचे तेथेच प्रवास संपला पाहिजे, मात्र गेल्या वाटेनेच परत येणे नव्हे. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. भाड्याचा हिशेब मौजेचा आहे: साऱ्या वर्तुळाचे अंतर मोजावयाचे, त्याचे दोन समान भाग करावयाचे, आणि तेवढ्या लांबीचे दोन एकेरी प्रवास झाले असे मानून भाडे घ्यावयाचे.

आपल्या दांपत्याचेच वर्तुळ घेऊ. जबलपूरहून इटारसी, भुसावळ या मार्गाने नाशिक, तेथून मुंबई, मुंबईहून पुणे, पुण्याहून सोलापूर, वाडी या मार्गाने सिकंदराबाद, तेथून बल्लारशामार्गे नागपूर, आणि नागपूरहून गोंदिया, बालाघाट, नैनपूर करीत जबलपूर. शेवटचा हा तुकडा पूर्वी सातपुड्यातील अरुंद मार्गाचा होता. लहानशा गाडीने डोंगरातून डुलत जाण्यात गंमत होती, पण वेळेचा भरवसा नव्हता. तो मार्ग आता रुंद झाल्यामुळे या वर्तुळाची दोन्ही टोके नीट जुळतात.

हिशेबाच्या सोयीसाठी अंतरे पूर्णांकांत धरू आणि दरही कल्पनेचाच घेऊ. खरे दर वर्गागणिक निराळे असतात व बदलतात. समजा, पहिल्या 500 किलोमीटरांस किलोमीटरमागे 60 पैसे, पुढील 500 ला 50 पैसे व त्यापुढे 40 पैसे. नाशिकपर्यंत 800 किलोमीटरांचे 450 रुपये. नाशिक ते मुंबई 200 किलोमीटर, 120 रुपये. मुंबई ते पुणे तेवढेच, 120 रुपये. पुणे ते सिकंदराबाद 600 किलोमीटर, 350 रुपये. सिकंदराबाद ते नागपूर तितकेच, 350 रुपये. आणि नागपूर ते जबलपूर 400 किलोमीटर, 240 रुपये. एकूण 1630 रुपये. आता हेच वर्तुळ एका तिकिटाने करा. एकंदर अंतर 2800, त्याचे अर्धे 1400. एका अर्ध्याचे भाडे 710 रुपये, दोहोंचे 1420. माणशी 210 रुपये वाचले, आणि त्यासाठी वयाचा दाखला लागला नाही की कोणाची शिफारस.

सवलतीची दुसरी जात व्यक्तीला पाहून दिलेली. दिव्यांग, विशिष्ट आजारांचे रुग्ण, विद्यार्थी यांच्यासाठी ती आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीही होती: साठ वर्षांवरील पुरुषांस 40 टक्के व अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस 50 टक्के. 20 मार्च 2020 रोजी, साथीच्या दिवसांत, ती स्थगित झाली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, पण सवलत गाड्यांबरोबर परतली नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खिशाला हे जाचले आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे, असे मला वाटते. या जातीविषयी रेल्वेचा नियम असा की, एका प्रवाशास एका वेळी एकच सवलत. एकच माणूस विद्यार्थीही असेल आणि दिव्यांगही असेल, तर त्याने दोहोंपैकी अधिक लाभाची निवडावी. दोन्ही मागू नयेत.

मुख्य गोष्ट येथे ध्यानात येते. हा नियम व्यक्तीच्या दोन सवलतींना एकमेकींशी जोडू देत नाही. परंतु दराच्या अंगची सवलत आणि व्यक्तीची सवलत यांच्या आड तो येत नाही. ज्येष्ठांची सवलत चालू होती तेव्हा हजार किलोमीटर किंवा त्याहून लांबीच्या सर्क्युलर तिकिटावर ती स्पष्टपणे मान्य होती. वरील उदाहरणात गृहस्थांचे 1420 रुपयांवर 40 टक्के कमी होऊन 852 रुपये झाले असते.

टक्केवारीच्या एका फसव्या जागेचाही उलगडा येथेच करून घेऊ. 1630 वरून 1420 वर येणे म्हणजे सुमारे 13 टक्के सूट. त्यावर 40 टक्के. बेरीज 53 टक्के, असे मन म्हणते. प्रत्यक्षात 1630 चे 852 झाले, म्हणजे सूट 48 टक्क्यांहून किंचित कमी. दुसरी टक्केवारी मूळ रकमेवर बसत नाही, पहिलीने खाऊन उरलेल्या रकमेवर बसते. दहा आणि वीस टक्के एकापाठोपाठ मिळाले तर ते 28 टक्के होतात, 30 नव्हेत. आणि आधी दहा की आधी वीस, याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो एक सूट टक्क्यांत व दुसरी ठोक रुपयांत असली म्हणजे. वीस हजारांच्या भाड्यावर दहा टक्के आणि दोन हजार रुपये अशा दोन सवलती असतील, तर टक्के आधी वजा केल्यास 16,000 भरावे लागतात. रुपये आधी वजा केल्यास 16,200. विकणारा कोणता क्रम धरतो हे विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

तिसरी जात रेल्वेपेक्षा समुद्रसफरीत अधिक भेटते, आणि मुंबईस पोहोचलेल्या जबलपूरकराला गलबतावर दोन रात्री काढण्याचा मोह होणे शक्य आहे. 2020 साली जगभरच्या सफरी बंद पडल्या तेव्हा काही मोठ्या जहाज कंपन्यांनी प्रवाशांपुढे दोन पर्याय ठेविले: पैसे परत घ्या, अथवा पुढच्या सफरीसाठी सव्वापट रक्कम आपल्या नावे जमा ठेवा. अशा जमापत्रास पुष्कळ जण सवलत समजतात, आणि दुसरी सवलत दिसली की ते बाजूस ठेवतात. त्यातला मूळ हिस्सा तर आपलाच पैसा आहे. सवलत किंमत ठरवते. जमापत्र ठरलेली किंमत चुकवते. लवकर नोंदणी केल्याची सूट घेऊन उतरलेली रक्कम जमापत्राने भरण्यात तत्त्वतः विसंगती काहीच नाही. पाहावयाचे ते इतकेच, की जमापत्राची मुदत केव्हा संपते, आणि बंदराचे शुल्क व कर त्यातून भागतात की नाही. रेल्वेतही सवलत मूळ भाड्यावरच बसते. आरक्षणाचे शुल्क व सुपरफास्ट गाडीचा अधिभार तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि सर्क्युलर तिकीटवाल्यास ते टप्प्याटप्प्यास द्यावे लागतात. म्हणून उगाच आठही थांबे घेण्याचा हट्ट धरू नये.

हे तिकीट मिळवण्याची वाट थोडी जुन्या वळणाची आहे. प्रवासाचा क्रम कागदावर लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कचेरीत द्यावयाचा. जबलपूरकरांस त्यासाठी दूर जावे लागत नाही. विभागाची कचेरी गावातच आहे, आणि 1 एप्रिल 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. कचेरी अंतर मोजून भाडे ठरवून देते, तो कागद तिकीट खिडकीवर दाखवून तिकीट घ्यावयाचे, आणि मग आरक्षणाच्या खिडकीवर टप्प्याटप्प्याच्या जागा राखून घ्यावयाच्या. आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडत असे. तेव्हा दिवाळीनंतर निघणाऱ्याने तारखा मोजताना जबलपूरहून निघण्याचा दिवस धरू नये, नागपूरहून परतीच्या गाडीत बसण्याचा दिवस धरावा. तो साठ दिवसांच्या आत आला म्हणजे साऱ्या जागा एकाच खेपेस राखता येतात.