१२० ग्रॅमची जबाबदारी

जालन्याची ओळख पोलादाइतकीच बियाण्यांमुळेही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीने महिकोत २६ टक्के भागीदारी घेतली. या संबंधातून आलेल्या बीटी कपाशीच्या वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली, आणि पाहता पाहता देशी सरकी दिसेनाशी झाली. शेतकऱ्याने कोणते बी पेरावे, हे कंपन्या ठरवू लागल्या, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो निराधार नाही.

तथापि त्या मान्यतेत एक अट होती, आणि ती पाळणे शेतकऱ्याच्याच हाती होते. बीटी पिकाभोवती नॉन-बीटी कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक भरेल तेवढे लावावयाचे. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. कारण साधे होते. बीटीचे विष पचवून जगलेल्या मोजक्या अळ्यांचे पतंग आपसांत न जुळता नॉन-बीटीवर वाढलेल्या पतंगांशी जुळावेत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. गुलाबी बोंडअळी मुख्यत्वे कपाशीवरच जगते. तिच्या बाबतीत या ओळींना दुसरा पर्याय नव्हता.

ती पुडी बहुधा बांधावरच पडून राही. अळीसाठी जमीन कोण सोडणार? त्यातले बी नीट उगवत नाही, अशाही तक्रारी होत्या. विक्रेत्याला पाकीट खपवायचे होते. कंपनीने पुडी दिली आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. सरकारने अट घातली, पण शेतात जाऊन ती पाहिली नाही. गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला ही अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच मान्य केले. पुढे दोन जनुकांचे वाणही तिने पचवले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. अमेरिकेतील अॅरिझोनात मात्र शेतकऱ्यांनी अशा ओळी राखल्या आणि तेथे बीटी टिकले. पुढे वांझ पतंग सोडून अळीचा नायनाटही करण्यात आला. बियाणे तेथेही कंपनीचेच होते, हे ध्यानात घ्यावे.

हा विषय केवळ शेतकऱ्याचा, असे समजून शिक्षक-कारकून मंडळींनी पान उलटू नये. आपल्यापैकी कितीजणांची जमीन बदनापूर, अंबड, घनसावंगीकडे बटाईने दिलेली आहे! बियाण्याचे पैसे आपण देतो आणि हिशेबही आपणच मागतो. पाकिटावरील सूचना वाचण्याचे शिक्षण बटाईदारापेक्षा आपल्याला अधिक मिळाले आहे. ती वाचली किती जणांनी?

अलीकडे नॉन-बीटी सरकी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. निवडीचा प्रश्न उरला नाही. जबाबदारीही कंपनीने पाकिटात भरून दिली, असेच म्हणावयाचे! फरदडीचे तसे नाही. शेवटच्या दोन वेचण्यांच्या लोभाने जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीचा मुक्काम पुढच्या हंगामापर्यंत पक्का होतो. ती डिसेंबरात उपटावी की नाही, हे ठरवायला जालन्यातली कोणतीही कंपनी येत नाही. बटाईदार मालकालाच विचारतो, आणि मालक बहुतेक वेळा म्हणतो, ‘राहू दे अजून महिनाभर.’