इंजिन पोटात, पंखा पाण्यात

जुन्या सांगवीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, आणि दापोडीपाशी दोघींचा संगम. पावसाळ्यात पवना आणि मुळशी धरणांतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरते आणि बचावपथकांच्या रबरी बोटी गल्ल्यांत येतात. त्या बोटींचे इंजिन मागच्या कडेला बाहेरून अडकवलेले असते. याला आउटबोर्ड म्हणतात. इंजिन, उभा शाफ्ट, गिअर आणि पंखा, सगळे एकाच कवचात, कारखान्यातच एकमेकांशी जुळवून आलेले. क्लॅम्प आवळायचे, पेट्रोलची नळी जोडायची, की बोट निघाली.

इंजिन बोटीच्या पोटात ठेवायचे ठरवले की खरे काम सुरू होते. इंजिन आत, पंखा बाहेर, आणि मध्ये बोटीची भिंत. आत तयार होणारी फिरकी बाहेर न्यायची, पण पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि फिरणारे भाग एका रेषेत राखायचे. आपल्या भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अलाइनमेंट हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत पंप आणि मोटर जोडताना फिटर कपलिंगवर डायल लावतो, शाफ्ट हाताने फिरवत चार ठिकाणी वाचन घेतो आणि मोटरच्या पायाखाली पातळ शिमा सरकवतो. तिथे एक मोठी सोय असते: खाली काँक्रीटचे फाउंडेशन असते आणि ते हलत नाही. बोटीत फाउंडेशनच नसते. बोटीचे अंगच इंजिनाचा पाया, आणि ते अंग पाण्यात वाकते, वजनाने दबते, लाकडी असेल तर फुगते. बोटीचे अलाइनमेंट ही एकदाच करून विसरण्याची गोष्ट नाही, ती यामुळेच.

या पट्ट्याचा आणि समुद्राचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबीचा डिझेल इंजिनांचा कारखाना होता, तो पुढे ग्रीव्ज उद्योगसमूहात आला. नदीपलीकडे खडकीला १९४६मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स डिझेल इंजिने बनवत आली. मोटेवर अवलंबून असलेल्या विहिरीवर जसे डिझेल इंजिन आले, तसेच शिडावर चालणाऱ्या होड्यांतही आले, आणि किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी वाढली.

मासेमारीच्या ट्रॉलरची मांडणी सरळ असते. इंजिन, त्याला गिअरबॉक्स, मग कपलिंग, आणि तिथून लांब शाफ्ट बोटीच्या मागच्या भागातून बाहेर पंख्यापर्यंत. कपलिंगच्या दोन चकत्या एकमेकींसमोर आणून त्यांच्यातली फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजतात. जुना, सर्वत्र मानला जाणारा नियम असा की चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागे फटीत एक सहस्रांश इंचापेक्षा जास्त फरक नको. म्हणजे ५ इंची कपलिंगला साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत. एवढा नाजूक हिशेब लाकडाच्या बोटीवर सांभाळायचा असतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बऱ्याच बोटी वर ओढून ओंडक्यांवर टेकवून ठेवतात. ओंडक्यांवर बोटीचे वजन दोन-चार ठिकाणी एकवटते; पाण्यात तेच वजन तळभर पसरते. दोन्ही वेळी बोटीचा आकार अगदी एकच राहत नाही. किनाऱ्यावर फिलर गेजने कितीही नेमके जुळवले, तरी ते प्राथमिक जुळवणे. बोट पाण्यात उतरवावी, लाकूड पाणी पिऊन स्थिरावू द्यावे, डिझेलची टाकी नेहमीइतकी भरावी, आणि मगच कपलिंगचे बोल्ट सोडून फट पुन्हा मोजावी. हंगामाची घाई असते तेव्हा हे दुसरे मोजमाप टाळले जाते. माझ्या मते ते कधीही टाळू नये. वाकड्या रेषेत फिरणारा शाफ्ट पाण्याची गळती रोखणारी ग्लँड आणि शाफ्टला आधार देणारे बेअरिंग दोन्ही लवकर झिजवतो, आणि ती झीज खोल समुद्रात गेल्यावर उघडी पडते.

स्टर्नड्राइव्हची रचना याहून वेगळी. व्होल्वो पेंटाने १९५९च्या न्यू यॉर्क बोट शोमध्ये ॲक्वामॅटिक हे ड्राइव्ह लोकांसमोर आणले. १९६१मध्ये अमेरिकेतून मर्क्रुझर आले. कल्पना अशी की इंजिन बोटीत अगदी मागच्या भिंतीला, ट्रान्समला, चिकटून ठेवायचे आणि गिअर-पंख्याचा पाय भिंतीबाहेर लटकवायचा. हा पाय डावीकडे-उजवीकडे वळतो म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. वर उचलता येतो म्हणून उथळ पाण्यात पंखा वाचतो. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या खासगी स्पीडबोटींत ही मांडणी दिसते. घारापुरीला जाणाऱ्या जाड बांध्याच्या लाँचला तिची गरज नसते.

पाय वळतो, उचलला जातो, तरी फिरकी अखंड पोचते, ती जोडीने बसवलेल्या दोन युनिव्हर्सल जॉइंटांमुळे. एकच क्रॉस, म्हणजे एकच जॉइंट, असता तर कोन वाढताच पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत कमी-जास्त झाला असता. दोन क्रॉस एकमेकांचा हा दोष खोडतात. पाय ज्या बिंदूभोवती वळतो तो दोन्ही क्रॉसच्या मध्ये ठेवलेला असतो, म्हणजे कोन दोघांत सारखा वाटला जातो. हे सगळे बेलोच्या, म्हणजे घड्यांच्या रबरी नळीच्या, आत, कोरडे.

इथेच पुष्कळांची समजूत चुकते. युनिव्हर्सल जॉइंट आहे, तर इंजिन थोडे वर-खाली बसले म्हणून काय बिघडले? बिघडते, कारण जॉइंट ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला आहेत. त्यांच्यापासून आत इंजिनाकडे जाणारा शाफ्ट अखंड, सरळ दांडा आहे. तो ट्रान्सममधल्या गिंबल बेअरिंगमधून जातो आणि फ्लायव्हीलवर बसवलेल्या कपलरच्या दातांत, म्हणजे स्प्लाइनमध्ये, शिरतो. या तुकड्यात वाकायला एकही सांधा नाही. बेअरिंग आणि कपलर एका रेषेत नसतील तर दर फेरीला स्प्लाइन घासतात, कपलरचे रबर तापते, बेअरिंग घरघरू लागते. शेवटी दात साफ निघून जातात: इंजिन छान फिरते आणि पंखा उभा.

मर्क्रुझर धाटणीच्या ड्राइव्हवर हे तपासायला पोलादाचा एक खास दांडा मिळतो, अलाइनमेंट बार. व्होल्वो पेंटाची रचना वेगळी असल्याने तिथे तिच्याच पुस्तिकेप्रमाणे जावे. आधी बाहेरचा पाय पूर्ण उतरवतात. गिंबल बेअरिंग आपल्या घरात थोडे कलू शकते, म्हणून ते आधी बारच्या साहाय्याने कपलरच्या दिशेला वळवून घेतात. मग बारच्या टोकाला ग्रीस लावून तो बेअरिंगमधून कपलरमध्ये सरकवतात. तो दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर व्हायला हवा. हातोडी लागली तर अलाइनमेंट चुकलेले आहे हे तिथेच कळले. बार बाहेर काढून ग्रीसवर उमटलेले दातांचे ठसे पाहायचे. चारी बाजूंनी सारखे असतील तर उत्तम. फक्त वर किंवा फक्त खाली दाट असतील तर इंजिनाचे पुढचे माउंटिंग किंचित वर-खाली करायचे. मागची माउंटिंग ट्रान्समच्या प्लेटवर पक्की असतात, त्यामुळे सगळी दुरुस्ती पुढून होते. मग इंजिन पाव फेरी फिरवून पुन्हा तपासायचे, अशी पूर्ण फेरी होईपर्यंत. इंजिन फिरवायचे ते त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, नाहीतर समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाच्या रबरी इम्पेलरची पाती उलटी दुमडतात.

हे काम दरवर्षी करावे आणि त्याच वेळी बेलोही हाताने चाचपावा. बेलोला चीर गेली की खारे पाणी आधी क्रॉसवर, मग गिंबल बेअरिंगवर पोचते, आणि चीर मोठी असेल तर थेट बोटीत.

एकदा नीट जुळवलेले अलाइनमेंट पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर नुसते बेअरिंग बदलून काही साधत नाही. पुढची माउंटिंग ज्या तुळयांवर बसतात त्या फायबरच्या बोटीत बहुधा आतून लाकडाच्या असतात, वरून फायबरचे आवरण. बोल्टच्या भोकातून पाणी मुरते, आतले लाकूड कुजते, आवरण मात्र चकचकीत राहते. बोल्ट आवळताना तो नुसताच फिरत राहिला, तुळईवर ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, माउंटिंगभोवती तपकिरी पाणी झिरपले, की आधी इंजिन उचलून तुळई उघडावी. ट्रान्समच्या लाकडाचीही हीच कथा, कारण मागची माउंटिंग आणि गिंबल बेअरिंग दोन्ही त्याच्याच भरवशावर उभी आहेत. कुजलेले लाकूड काढून नवे बसवल्यावर, फायबर पूर्ण सुकल्यावर आणि बोट पाण्यात काही तास चालवून झाल्यावर पाय पुन्हा उतरवून ठसे पाहावेत.