नोट, राजमुद्रा आणि देवाचे नाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय चलनी नोटेवर कोणत्याही देवाचे नाव नाही. पुढच्या बाजूला सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा असते आणि तिच्या तळाशी, डोळ्यांजवळ नेल्याशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक देवनागरी अक्षरांत, ‘सत्यमेव जयते’ हे बोधवाक्य असते. या बोधवाक्यावरून, शेजारच्या गांधीजींच्या चित्रावरून आणि नोटेवर नसलेल्या देवावरून वेळोवेळी वाद झडतात. त्यांतले पुष्कळसे ऐकीव माहितीवर उभे असतात.

‘सत्यमेव जयते’ हे सम्राट अशोकाच्या स्तंभावर कोरलेले वाक्य आहे, असे अनेकांना वाटते. सारनाथच्या सिंहशीर्षावर ते कुठेही नाही. ते मुंडकोपनिषदातले आहे. राष्ट्रीय चळवळीत ते पंडित मदनमोहन मालवीय यांच्यामुळे रुळले आणि २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा स्वीकारताना सिंहांच्या खाली घेतले गेले. बौद्ध सम्राटाचे शिल्प आणि उपनिषदातले वचन अशी ही जोडणी आहे. राजमुद्रेच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा २००५ चा; त्यानुसार हे बोधवाक्य राजमुद्रेचाच भाग आहे.

यावरून लगेच दुसरा निष्कर्ष काढला जातो : वाक्य उपनिषदातले, म्हणजे भारतीय नोटेवर एका धर्माचे घोषवाक्य आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. एखादे वचन कुठून आले हा एक प्रश्न, आणि ते राज्याच्या तोंडी घातल्यावर नागरिकाकडून कशाची मान्यता मागते हा दुसरा. सत्याचा विजय होतो, हे मानण्यासाठी कोणत्याही देवाला, ग्रंथाला किंवा प्रेषिताला मानावे लागत नाही. निरीश्वरवाद्यालाही ते वाक्य आपले म्हणता येते. हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे, आणि तो घडताना पाहायचा असेल तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामकडे वळावे लागते.

सेवाग्रामचा चलनी नोटेशी थेट संबंध आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या विशेष नोटांवर बसलेले गांधीजी आणि त्यांच्या पाठीमागे सेवाग्राम आश्रम असे चित्र होते. नोटेवर गांधीजी आले ते तेव्हा पहिल्यांदा. स्वातंत्र्यापासूनच नोटांवर गांधीजी आहेत, हा समज चुकीचा आहे. ब्रिटिश राजाचे चित्र काढून तिथे काय घ्यायचे हा प्रश्न आला तेव्हा गांधीजींच्या चित्राचे आराखडे तयार झाले होते खरे. पण अखेर एकमत सारनाथच्या सिंहांवर झाले आणि १९४९ ची एक रुपयाची नोट त्यांच्यासह निघाली. १९८७ मध्ये पाचशेच्या नोटेवर गांधीजींची छबी आली आणि १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेपासून ती सर्वत्र दिसू लागली. म्हणजे प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या दशकांत नोटेवर ना देव होता, ना राष्ट्रपिता.

गांधीजी रोज प्रार्थना करत, रामनाम घेत, रामराज्याची भाषा बोलत. तेव्हा त्यांना धर्माधिष्ठित राज्यच हवे होते, हा समज त्याहून खोलवर रुजलेला आहे. रामराज्य म्हणजे हिंदू राज्य नव्हे, हे त्यांनी १९२९ मध्येच ‘यंग इंडिया’त स्पष्ट केले होते. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी त्याही पुढे जाऊन सांगितले, की आपल्या हाती सत्ता असती तर धर्म आणि राज्य वेगळे राहिले असते, स्वतःच्या धर्मासाठी प्राण देण्याची तयारी आहे, पण तो वैयक्तिक मामला आहे, राज्याचा त्याच्याशी संबंध नाही. सोमनाथ मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी सरकारी तिजोरीतून पैसा जाऊ नये, ही भूमिकाही त्यांचीच.

वर्ध्यात तर या भूमिकेची प्रत्यक्ष कसोटी झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणयोजनेचा, आराखडा तयार केला. त्यात धर्मशिक्षण नव्हते. धार्मिक वृत्तीच्या माणसाने आखलेल्या योजनेत धर्म कसा नाही, असे अनेकांनी विचारले. गांधीजींचे उत्तर असे होते, की धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात, त्यातून ऐक्यापेक्षा कलहच वाढतो, म्हणून ते वगळले. मात्र सर्व धर्मांना समान असलेली सत्ये प्रत्येक मुलाला शिकवता येतात आणि शिकवावीत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेसाठी आखलेली ही रेघ राजमुद्रेलाही तितकीच लागू पडते.

सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर आजही मूर्ती नाही, देव्हारा नाही. खडी पसरलेले मोकळे अंगण आहे. तिथल्या प्रार्थनेत उपनिषद, कुराण, पारशी आणि ख्रिस्ती प्रार्थना, जपानी बौद्ध मंत्र असे सगळे एकापाठोपाठ येते. पण आश्रमाची प्रार्थना स्वेच्छेने जमलेल्यांची असते. नोट खिशात ठेवणे ऐच्छिक नसते.

याच आश्रमात १९४४ मध्ये आंध्रातले कट्टर नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, गांधीजींना भेटायला आले. दोघांचे संवाद पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे गांधीजी १९३१ पासूनच म्हणत होते. गोरांच्या मुलीचा एका दलित तरुणाशी विवाह सेवाग्रामला लावायचे ठरले तेव्हा गांधीजींनी हे तत्त्व व्यवहारातही आणले : विधीत जिथे ईश्वराचे नाव येते तिथे सत्याचे नाव घ्यायला ते राजी झाले. विवाह होण्यापूर्वीच गांधीजींची हत्या झाली. ठरल्याप्रमाणे मार्च १९४८ मध्ये तो सेवाग्रामलाच पार पडला.

ईश्वराचे नाव घ्यायचे की नाही, नेमका हाच प्रश्न दीडएक वर्षाने संविधान सभेसमोर आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णू कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशा शब्दांनी करावी, अशी दुरुस्ती मांडली. कामथ हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे वर्धा ज्या प्रांतात होते त्याच प्रांताचे सदस्य. एका दुरुस्तीत तर ईश्वराबरोबर गांधीजींचेही नाव होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी देवाला मतदानाला टाकू नका अशी विनवणी केली. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप असा, की अशी बाब कुणावर सामूहिकरीत्या लादणे संविधानाच्या वृत्तीशी विसंगत ठरेल. मतदान झालेच : बाजूने ४१, विरोधात ६८. संविधानात देवाचे नाव राहून गेले, विसरले गेले, किंवा १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते नाकारले गेले, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. चर्चा करून, हात मोजून, १९४९ मध्येच ते बाहेर ठेवले गेले. विरोधात मत देणारे सगळे नास्तिक होते असेही नव्हे. व्यक्तीच्या श्रद्धेला मात्र संविधानाने जागा दिली आहे. तिसऱ्या अनुसूचीतली शपथ ईश्वराला स्मरून घेता येते किंवा नुसते गांभीर्यपूर्वक दृढकथन करूनही.

मग सरकारी मुद्रांवर धर्मग्रंथांतली वचने चालतातच कशी? चालतात, आणि भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे ‘यतो धर्मस्ततो जयः’ महाभारताच्या परंपरेतले, आकाशवाणीचे ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ बौद्ध परंपरेतले, वायुदलाचे गीतेतले. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवर शिवछत्रपतींच्या मुद्रेच्या धर्तीवर रचलेला संस्कृत श्लोक आहे. त्यात प्रतिपदेची चंद्रकोर आहे, देवता नाही. संस्कृत आली की धर्म आला, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच दूर केला. शाळेत संस्कृत शिकवल्याने धर्मनिरपेक्षतेला बाधा येत नाही, असा तो निकाल. अर्थात सगळी बोधवाक्ये एका मापाची नाहीत. आयुर्विमा महामंडळाचे ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेत श्रीकृष्णाने आपल्या भक्तांना दिलेले आश्वासन आहे, आणि नौदलाच्या ‘शं नो वरुणः’मध्ये वरुणाला साकडे आहे. ‘सत्यमेव जयते’ला लावलेली कसोटी या दोन्हींना तितक्या सहज पार करता येत नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला.

नाण्यांबद्दलचे गैरसमज तर हातोहात पसरतात. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ सारखे साल असलेली नाणी ‘इंग्रजसुद्धा रामाला मानत’ याचा पुरावा म्हणून दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. देवस्थानांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या रामटंक्यांच्या, म्हणजे देवाची चित्रे असलेल्या पूजेच्या टोकनांच्या, जातीची ती बनावट टोकने आहेत. मुसलमान शुभ मानतात तो नोटेवरचा ७८६ हा क्रमांकही कुणी मुद्दाम छापलेला नसतो. अनुक्रमांक पुढे सरकताना तो आपोआप येतो. २००६ च्या सुमारास आलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर ख्रिस्ती क्रूस आहे अशी ओरड झाली. प्रत्यक्षात ‘विविधतेत एकता’ या विषयावरची ती एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची रचना होती. असा गोंधळ नवा नाही. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा इवलासा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान संतापले, आणि सरकारला नाणी मागे घेऊन पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा साचा करावा लागला.

जुन्या राज्यांत नाणे हे राजाच्या धर्माचे घोषणापत्रच असे, हेही अर्धेच खरे. महंमद घोरीच्या सोन्याच्या नाण्यांवर लक्ष्मी आहे, अकबराच्या नाण्यावर राम-सीता आहेत, आणि मराठ्यांच्या कितीतरी टांकसाळींतले रुपये फारसी अक्षरांत मुघल बादशहाच्या नावाने निघत. औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमा, म्हणजे इस्लामचे श्रद्धावचन, बंद केला, तोही अश्रद्धेपोटी नव्हे. पवित्र शब्द कुणाच्याही हाती, कुठेही पडावेत हे त्याला नको होते. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही १९०७ मध्ये सोन्याच्या नाण्यांवरून देवावरील विश्वासाचे वाक्य काढले, कारण पैशावर देवाचे नाव त्यांना अनादर वाटे. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने ते परत घालायला लावले. श्रद्धावंतांनाच हे खटकावे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

अमेरिकेचे ते वाक्य देशाच्या स्थापनेपासूनचे आहे, हाही गैरसमजच. ते यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, दोन सेंटच्या नाण्यावर प्रथम आले. सर्व चलनावर सक्तीचे झाले ते शीतयुद्धाच्या काळात, १९५५ च्या कायद्याने. इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे, हे उदाहरण ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी लक्ष्मी-गणेशाची चित्रे नोटांवर छापण्याची मागणी केली तेव्हा गाजले. ती वीस हजार रुपियांची नोट १९९८ ची. २००८ च्या अखेरीस ती चलनातून गेली.

भारतीय नोटांवर वेरूळ, कोणार्क, सांची आहेत, मग देव का नको, असे विचारले जाते. ती चित्रे वारसास्थळांची आहेत, उपासनेची नव्हेत. ज्ञानेश्वर, तुकाराम, संत अल्फोन्सा यांची नाणी निघाली, तशीच बृहदीश्वर मंदिराच्या सहस्रकाची आणि वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचीही. यातल्या मंदिरांच्या नाण्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये फेटाळली. प्रासंगिक स्मरण आणि कायमचे घोषवाक्य यांत अंतर आहे. सरकारी जमिनीबाबत मात्र न्यायालय कडक आहे : रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाखाली नवे बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला.

नोटेवर देवाचे नाव नको, असे संविधानाचे कोणतेही कलम शब्दशः सांगत नाही. सत्ताविसावे कलम एवढेच म्हणते, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. नोटेचा आराखडा रिझर्व्ह बँक कायद्याच्या पंचविसाव्या कलमानुसार बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते. नाण्यांचा निर्णय २०११ च्या नाणे कायद्याखाली सरकारच घेते. म्हणजे उद्या एखाद्या सरकारने ठरवले, तर उभे राहतील ते न्यायालयातले युक्तिवाद आणि १९४९ पासूनचा पायंडा. तो पायंडा वर्ध्याच्या मातीत, एका धार्मिक माणसाच्या विचारातून पक्का झालेला आहे, आणि तो मोडण्यासारखे कोणतेही कारण आजवर पुढे आलेले नाही.