जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डचे दिवे: पासिंगच्या आधी स्वतः कसे तपासायचे?

गाडीचं पासिंग जवळ आलं की सगळं लक्ष ब्रेक, टायर, हेडलाइट आणि पीयूसीकडे जातं. डॅशबोर्डवरचे बारीक दिवे आदल्या दिवशी आठवतात. मग कोणीतरी सांगतं, "पेटून राहतोय ना? बल्बच काढून टाक, कोण बघतंय!" हा सल्ला का ऐकू नये आणि त्याऐवजी काय करावं, ते आज बघू.

उदाहरण घरचंच आहे. माझ्या मामांची मारुती ओम्नी तेरा वर्षं जुनी आहे आणि शाळेची मुलं ने-आण करते. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. (घरच्या खाजगी गाडीला हा प्रश्न पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी येतो.) केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ६२ व्या नियमात तपासणीची जी यादी आहे, तिच्यात दिवे, हॉर्न, वायपर यांच्याबरोबर डॅशबोर्डवरची उपकरणं आणि स्पीडोमीटरही आहेत. जून उजाडायच्या आत पासिंग झालं नाही तर शाळा सुरू होताना गाडी दारात उभी राहणार आणि पालक दुसरी व्हॅन शोधणार, असा सगळा मामला होता.

मामांची तक्रार एवढीच होती: "रात्री मीटर नीट दिसत नाही, आणि हँडब्रेकचा लाल दिवा जात नाही."

आधी किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका

डॅशबोर्डवर दोन प्रकारचे दिवे असतात. काही नुसता उजेड देतात, म्हणजे रात्री काटे आणि आकडे दिसावेत म्हणून. बाकीचे इशाऱ्याचे: ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, चेक इंजिन. दोन्हींचं वायरिंग वेगळं आणि बिघाडही वेगळे.

किल्ली 'ऑन' केली, पण स्टार्टर मारला नाही, तर ऑइल आणि बॅटरीचे दिवे पेटलेच पाहिजेत. हँडब्रेक ओढलेला असेल तर तोही. ही गाडीची स्वतःची हजेरी असते. इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत ऑइल आणि बॅटरी विझतात. या हजेरीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण पुढे मीटर उघडल्यावर 'आधी कुठला पेटत होता?' हे कोणालाच आठवत नाही.

हजेरीला दिवा आलाच नाही तर बल्ब, होल्डर किंवा वायर तुटलेली. इंजिन चालू झाल्यावरही दिवा गेला नाही तर सेन्सर, वायर, किंवा खरोखरचा बिघाड. इथेच निम्मं निदान होतं.

मामांच्या गाडीत ऑइलचा दिवा हजेरीला आलाच नाही. याची तक्रार मामांनी केली नव्हती, कारण न पेटणाऱ्या दिव्याचा त्रास कोणाला होत नाही.

मीटर उघडताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, बहुतेक वेळा दहाचा पाना लागतो. मीटरभोवतीचे स्क्रू काढून मीटर हळूच पुढे घ्या. जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल जोडलेली असते. ती सोडवल्याशिवाय ओढाल तर केबल तरी तुटेल नाहीतर मीटरचं प्लॅस्टिक. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी फोटो घ्या. तुमच्या गाडीला एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं.

मीटरच्या मागे प्लॅस्टिकचा लवचिक पातळ पत्रा दिसेल आणि त्यात तांब्याच्या रेघा. कधी जुना मोबाइल खोलला असेल तर डिस्प्लेला जाणारी पट्टी आठवा, जात तीच. या पत्र्यावर छोटे बल्ब होल्डरसकट पाव फेरी फिरवून बसवलेले असतात. पंधरा पावसाळे पाहिलेल्या गाडीत बल्ब शाबूत असतो, पण होल्डर जिथे टेकतो ते तांबं काळं पडलेलं असतं. शाळेतला पेन्सिलचा खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर नको, रेघा फार पातळ असतात. आमच्या मीटरचे चार उजेडाचे दिवे बंद होते, त्यातले तीन खोडरबरने चालू झाले. चौथ्याला दहा-वीस रुपयांचा नवा बल्ब. नवा घेताना जुना दुकानात घेऊन जा, साइज आणि वॅट दोन्ही जुळायला हवेत.

मग ऑइलच्या दिव्याचा होल्डर फिरवून बाहेर काढला. होल्डर होता, आत बल्ब नव्हता. गाडी मामांनी सेकंडहँड घेतली होती. आधी कोणीतरी तो सल्ला ऐकला होता.

ऑइलचा दिवा कसा चालतो

हे समजून घेण्यासारखं आहे. दिव्याच्या एका टोकाला फ्यूजमधून बारा व्होल्ट येतात. दुसऱ्या टोकाची वायर इंजिनवरच्या एका स्विचपर्यंत जाते. ऑइलला प्रेशर नसतं तेव्हा हा स्विच वायर इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतो आणि दिवा पेटतो. प्रेशर आलं की स्विच सुटतो, दिवा विझतो. हँडब्रेकच्या दिव्याचं तत्त्व तेच, फक्त स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो.

त्यामुळे तपासणी सोपी होते. कोडमध्ये बग शोधताना आम्ही प्रोग्रॅमचे दोन भाग करून चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहतो, तसंच इथे करायचं. इंजिन बंद, किल्ली ऑन. स्विचवरची वायर काढा: दिवा विझला पाहिजे. तीच वायर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा: दिवा पेटला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटरपासून इथपर्यंत सगळं ठीक, दोष स्विचमध्ये किंवा खरोखर प्रेशरमध्ये. वायर काढूनही दिवा पेटूनच राहिला तर ती वाटेत कुठेतरी सोलली गेली आहे आणि बॉडीला लागते आहे.

नवा बल्ब बसवल्यावर आमचा ऑइलचा दिवा हजेरीला आला, पण इंजिन सुरू झाल्यावर गेला नाही. अशा वेळी इंजिन लगेच बंद करायचं, यात चर्चा नाही. ऑइल नसताना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं, आणि आमच्या गाडीत मागे मुलं बसतात. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर होती. वायरची परीक्षा पास झाली. पुढचं काम घरी होणारं नव्हतं: मेकॅनिकने स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. प्रेशर व्यवस्थित निघालं, स्विच आतून चिकटला होता. नवा स्विच तीनशेच्या आत आला. पण गेज लावेपर्यंत तो स्विच आहे की ऑइल पंप, हे कोणीही सांगू शकलं नसतं. नुसता अंदाजाने स्विच बदलून निघून जाऊ नका.

हँडब्रेकचा दिवा मात्र किरकोळ निघाला. लिव्हरखालचा स्विच सरकला होता, स्क्रू सैल करून जागेवर आणला. अनेक गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही पेटतो, म्हणून आधी ब्रेक ऑइलची बाटली पाहा आणि मगच स्विचकडे वळा.

बॅटरीच्या दिव्यात एलईडी टाकू नका

मित्रमंडळी हमखास सांगतात, "सगळे एलईडी टाक, भारी दिसेल." उजेडाच्या दिव्यांना चालेल, फक्त एलईडी पेटला नाही तर उलटा फिरवून बसवा, त्याला प्लस-मायनस असतं. बॅटरीचा दिवा सोडून द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच अल्टरनेटरला जागं करतो. तिथे बल्ब उडाला किंवा अगदी कमी करंट घेणारा एलईडी आला तर इंजिन चालू असूनही चार्जिंग सुरू होत नाही. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बॅटरीवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

इंडिकेटर दिला की मीटरचे दुसरेच दिवे लुकलुकतात? भूत नाही, अर्थ खराब आहे. सगळे दिवे लावून मीटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीला जिथे ती वायर कसली आहे, तिथला गंज आणि रंग साफ करा.

चेक इंजिन आणि तुमचा मोबाइल

पिवळा चेक इंजिन दिवा वेगळा, तो गाडीतला कॉम्प्युटर पेटवतो. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असेल तर ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल आणि एखादं फुकट अॅप पुरतं. आयफोनवाल्यांनी वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा डोंगल घ्यावा, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. अॅपमध्ये कोड दिसतो. उदाहरणार्थ पी०११८ म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, आणि त्यात सेन्सरइतकाच निसटलेला कनेक्टरही आला. अॅपमध्ये 'क्लिअर' बटण असतं. ते दाबून दिवा घालवाल, पण कारण तसंच असेल तर दिवा परत येतो, कधी आरटीओच्या मैदानातच.

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर हेडलाइट, वायपर, इंडिकेटर आणि हॉर्न एकदम लावून मीटरकडे पाहा. एकही दिवा मंदावता कामा नये. गाडीत दोन जादा बल्ब आणि दोन फ्यूज ठेवा. मैदानाबाहेर ते मिळतात, पण भाव त्या दिवशीचा असतो.